छर्ऱ्याचं जुळं

माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो पुण्याजवळच्या मांजरी गावात एका घराच्या भिंतीवर लावलेला होता. हेल्मेटच्या काचेवर पोलादी छर्रा आदळतोय, काच सायीसारखी आत दबली आहे आणि छर्रा तिथेच थांबलाय, असा. ज्यांच्या घरात तो फोटो होता त्यांच्या मुलीचा उजवा डोळा गेला. तो माझ्या फोटोमुळे गेला असं मी म्हणते. बाकी कुणीच तसं म्हणत नाही. डॉक्टर म्हणत नाहीत, आमचे साहेब म्हणत नाहीत, आणि तिचे वडील तर मुळीच म्हणत नाहीत. म्हणून हे लिहायची वेळ माझ्यावर आली.

मी तेव्हा कोथरूडला एका चाचणीच्या शेडमध्ये फोटोग्राफर होते. पुण्याच्या आजूबाजूला गाड्यांचे नवे कारखाने येत होते, आणि गाड्या आल्या की त्यांच्या काचा, दिवे, हेल्मेटं तपासणारंही कुणीतरी लागतं. आमचे साहेब परदेशात शिकून आलेले. त्यांनी हवेच्या दाबावर छर्रे मारणारी एक बंदूक बसवली होती. रस्त्यावरचा खडा तोंडावर आला तर काय होईल, ते बघायला. शेजारच्या सोसायटीतल्या लोकांना वाटायचं आम्ही टायर विकतो. आम्ही काही खुलासा केला नाही, कारण खुलासा केला असता तर त्यांनी आधी हरकत घेतली असती आणि मग काय करता म्हणून विचारलं असतं.

फोटोचं वेड मला वडिलांकडून आलं. ते कारखान्यात कामाला होते, आणि वस्तीतल्या विहारातल्या प्रत्येक कार्यक्रमाला गळ्यात कॅमेरा अडकवून पुढे उभे राहायचे. फ्लॅश धरायचं काम माझं. पोरीच्या जातीला कशाला हे, असं म्हणणाऱ्यांना ते म्हणायचे, "ती उजेड धरते, तुम्ही नुसते उभे राहा." बी.एस्सी. झाल्यावर मला ही नोकरी लागली तेव्हा त्यांनी वस्तीभर पेढे वाटले. मुलगी बंदुकीच्या गोळीचा फोटो काढते, असं सांगत सुटले. गोळी नाही हो, छर्रा, असं मी दहादा सांगितलं. त्यांना गोळीच आवडली होती.

उडत्या छर्ऱ्याचा फोटो कॅमेऱ्याने निघत नाही, हे मला तिथे गेल्यावर कळलं. तो उजेडाने निघतो. कॅमेऱ्याचं झाकण कितीही चपळाईने उघडा-मिटा, छर्रा निघून गेलेला असतो. म्हणून खोलीत मिट्ट अंधार करायचा, कॅमेरा उघडा ठेवायचा, छर्रा सोडायचा, आणि तो बरोबर जागेवर आला की सेकंदाच्या लाखाव्या भागापुरता उजेड पाडायचा. तेवढ्या उजेडात जे असेल ते फिल्मवर उमटतं. बाजारातला साधा फ्लॅश वापरला तर छर्ऱ्याऐवजी पांढरी रेघ येते, कारण त्याचा उजेडही छर्ऱ्याच्या मानाने आळशी असतो. तेव्हा फ्लॅश आम्ही शेडमध्येच बनवला. त्याच्यासाठी वीज साठवणारे कपॅसिटर आणायला मी बुधवार पेठेत गेले, तर दुकानदाराने चष्म्यावरून बघितलं.

"एवढे मोठे कशाला हवेत?"

"फोटो काढायचाय."

"मग कॅमेरा घ्या की. पलीकडच्या गल्लीत मिळतो."

बंदूक चालवायचे काका. खरं तर ते मेकॅनिक, पण बंदूक, पंप, पत्रे, सगळं त्यांच्या हातातलं. मांजरीच्या ऊसवाल्या घरातले. जमीन भावाभावांत वाटली गेली, त्यातली बरीचशी इमारतींखाली गेली, आणि हे दोन बस बदलून रोज कोथरूडला यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतःचा डबा माझ्यापुढे सरकवला आणि माझ्या डब्यातली भाजी न विचारता घेतली. मी कोण, कुठली, हे त्यांनी कधी विचारलं नाही. पुण्यात ते किती जण आडून आडून विचारतात ते मला माहीत होतं, म्हणून मला ती भाजी अजून आठवते. मेथीची होती.

आमची एक पद्धत होती. मी दिवा बंद करून "अंधार" म्हणायचे. काका म्हणायचे, "भरलं हाय." मी कॅमेरा उघडून "उघडलं" म्हणायचे, की ते चाप ओढायचे. बंदुकीचा आवाज मायक्रोफोनला पोचला की फ्लॅश आपोआप पेटायचा. मायक्रोफोन बोटभर लांब सरकवला की आवाज उशिरा पोचायचा आणि छर्रा जरा पुढे गेलेला सापडायचा. असं बोटाबोटाने सरकवत छर्रा हवा तिथे पकडायचा. एकेका फोटोला दिवस जायचा. मला त्याचा कधी कंटाळा आला नाही. अंधारात दुसऱ्या माणसाच्या आवाजावर इतका विश्वास मी परत कधी टाकलेला नाही.

आमच्या फ्लॅशला एक खोड होती, त्याला अधूनमधून उचकी लागायची. एकदा लख्ख पेटायचा आणि लगेच पुन्हा मरतुकडा पेटायचा. मग फोटोत दोन छर्रे दिसत. एक ठळक, आणि उडण्याच्या दिशेने थोडा पुढे एक फिकट. पुस्तकात त्याला काही नाव असेल, आम्ही त्याला जुळं म्हणायचो. मी निगेटिव्ह धुऊन बाहेर आले की काकांचा पहिला प्रश्न असायचा, "जुळं आलं का वो, ताई?" जुळं आलं की फोटो बाद. आम्ही जुळ्याचा इतका धसका घेतला होता की कुठे जरा फिकट ठिपका दिसला की दुसरं काही मनातच यायचं नाही. माझ्या तर नाहीच आलं.

नव्या शतकाच्या सुरुवातीला एक हेल्मेटवाले आमच्याकडे आले. पुण्यात हेल्मेट विकायला निघालेला माणूस धाडसीच म्हणायचा. त्यांना काचेची चाचणी हवी होती आणि जाहिरातीसाठी फोटोही. काच म्हणायचं, असते प्लास्टिकची. नियम साधा होता, छर्रा आरपार जाता कामा नये आणि काचेचे तुकडे होता कामा नयेत. ती चाचणी पहिल्या सकाळीच झाली आणि काच पास झाली. खरा वेळ फोटोला लागला. त्यांना छर्रा काचेवर थोपलेला, नेमका टेकलेला, हवा होता. जरा अलीकडे नको, परत फिरलेला नको.

तीन दिवस आम्ही मारत राहिलो. दर वेळी नवी काच, नवी फिल्म. तिसऱ्या दिवशी दुपारी मी डार्करूममध्ये लाल दिव्याखाली एक कागद ट्रेमध्ये हलवत होते, आणि तो वर आला. छर्रा टेकलेला. काच दबलेली. दबलेल्या जागेभोवतीच्या बारीक लाटासुद्धा दिसत होत्या. मी एकटी होते तरी मोठ्याने "आई गं" म्हणाले. तेवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे माझ्या नवऱ्यालाही माहीत आहे.

मग मला तो ठिपका दिसला. काचेच्या आतल्या बाजूला, जिथे माणसाचा डोळा येतो तिथे, नखाच्या कोरीएवढं फिकट काहीतरी. मनात आलं, जुळं. तीन दिवस घालवून जुळंच यायचं होतं. मला रडू यायचं बाकी होतं.

काकांना प्रिंट दाखवला. त्यांनी तो दाराशी उजेडात नेऊन पाहिला.

"झ्याक आलाय. पन ताई, हे मधी काय हाय?"

"जुळंच की, काका."

ते जरा घुटमळले. म्हणाले, "पन छर्रा तर हिकडंच पडला. म्या माझ्या हातानं काचंफुडच्या ट्रेमधनं उचलला. आत कसा जाईल त्यो?"

एवढं स्पष्ट बोलले होते ते. जुळं म्हणजे छर्ऱ्याचीच थोड्या वेळानंतरची जागा. छर्रा काचेवर आपटून माघारी फिरला होता. थोड्या वेळाने तो काचेच्या बाहेरच असणार, आत असूच शकत नाही. आत जे होतं ते दुसरं काहीतरी होतं, काचेचंच काहीतरी. शाळेतल्या मुलाला कळेल असं हे गणित, आणि मी बी.एस्सी. मी म्हणाले, "अहो, काच वाकलीय ना, तिच्यात छर्ऱ्याचं प्रतिबिंब पडलं असेल. काचेत असले खेळ होतात."

"असंल," काका म्हणाले. "तुमाला जास्त कळतंय."

हे वाक्य मला आता कुणी म्हटलं की मी ताडकन उठते. लोकांना वाटतं मला विनय आहे.

तो ठिपका मी काढून टाकला. धुळीचे पांढरे ठिपके प्रिंटवर ब्रशने काळ्या रंगाने बुजवायचे असतात, ते आमच्या धंद्यात सगळेच करतात, त्यात लबाडी काही नाही. बारीक ब्रश घेतला, टोक ओठांत धरून टोकदार केलं आणि थेंबाथेंबाने बुजवत गेले. एकदम काळा लावला तर डाग दिसतो, म्हणून आधी करडा, मग जरा गडद, मग काळा. हात स्थिर ठेवायला श्वास रोखायचा. काम फार सुरेख झालं. कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं की तिथे काही होतं.

हेल्मेटवाले बेहद्द खूश झाले. माहितीपत्रकं छापली, चौकात एक मोठा फलकही लागला. आमच्या शेडमधल्या प्रत्येकाला एकेक हेल्मेट भेट मिळालं, आणि छपाई झाल्यावर मूळ प्रिंट माझ्याकडे परत आला. तो मी काकांना दिला, चाप त्यांनी ओढला होता म्हणून. त्यांनी त्याला चौकट करून घेतली.

काकांना एकच मुलगी. कॉम्प्युटरचा कोर्स करून तिला हडपसरच्या बाजूला एका आयटी कंपनीत नोकरी लागली होती. काका आम्हाला रोज तिच्या कंपनीच्या गोष्टी सांगत. कँटीनमध्ये किती प्रकार असतात, ऑफिसात उन्हाळ्यात स्वेटर घालावा लागतो, साहेबाला नावाने हाक मारतात. तिने स्कूटी घेतली आणि काकांच्या जिवाला घोर लागला. त्या रस्त्यावर नव्या इमारतींची खडी वाहणारे डंपर दिवसभर चाललेले. काकांना भेट मिळालेलं हेल्मेट ती घालायला तयार नव्हती. मग एक दिवस काका आले ते हसतच. "तुमचा फोटू दाखवला तिला. म्हनलं, बघ, बंदुकीचा छर्रा अडतोय, तिथं खड्याचं काय घेऊन बसलीस? घातलं मग."

मी किती फुशारले होते ते लपवत नाही. घरी जाऊन वडिलांनाही सांगितलं.

चार-पाच महिन्यांनी काका दोन आठवडे आलेच नाहीत. आले ते रजेचा अर्ज द्यायला. हातात कापडी पिशवी. मला म्हणाले, "पोरीच्या डोळ्याला लागलं, ताई. डंपरचा खडा आला." त्यांनीच मला पाणी आणून दिलं. पिशवीतून हेल्मेट काढलं आणि काचेवरून हात फिरवत म्हणाले, "पन काच फुटली न्हाई बघा. तुमचा फोटू खरा हाय. डाक्टर म्हनतो, डोळ्यातनं प्लास्टिकची कपची निघाली. आतनं काय उडालं कुनास ठावं."

मी काच हातात घेतली. बाहेरून एक पांढरा ओरखडा, बस. मग आतून नख फिरवलं. नख अडकलं. नखाच्या कोरीएवढा खळगा होता.

काका गेल्यावर मी निगेटिव्हच्या कपाटातून ती निगेटिव्ह काढली आणि खिडकीशी धरली. निगेटिव्हला मी ब्रश लावला नव्हता, ती जशीच्या तशी होती. भिंग घेऊन पाहिलं. छर्ऱ्याचं जुळं गोल असतं. हे गोल नव्हतं, चपटं होतं, एका कडेला धार होती. त्या क्षणापासून मी स्वतःला एकच गोष्ट विचारत आले आहे, त्या दिवशी भिंग माझ्या टेबलावरच होतं, ते मी का नाही उचललं? उत्तर मला माहीत आहे. फोटो फार सुंदर आला होता.

नवा मोठा प्रिंट काढून मी साहेबांच्या टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, शांतपणे, आणि नियमांची प्रत पुढे ओढली.

"इथे काय लिहिलंय? आरपार. आरपार गेलाय का?"

"नाही."

"काचेचे तुकडे झालेत?"

"नाही, पण सर..."

"मग झालं तर. आतून कपची उडू नये असं नियमात कुठेही नाही. असेल तर मला दाखवा, मीही शिकेन."

हेल्मेटवाल्यांना मी स्वतः पत्र लिहिलं, फोटो जोडून. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं. तेव्हा त्यांनी साहेबांना फोन केला आणि साहेबांनी मला बोलावून सांगितलं की निगेटिव्ह कंपनीची मालमत्ता आहे, ती बाहेर जाता कामा नये. पुढच्या वर्षी शेडमध्ये परदेशी व्हिडिओ कॅमेरा आला. आता अंधार करावा लागत नाही, कुणाला "उघडलं" म्हणावं लागत नाही. निगेटिव्हचं कपाट रिकामं करायचा हुकूम निघाला तेव्हा ती एक मी पर्समध्ये घालून आणली. चोरीच म्हणा. चौकातला फलक उन्हाने पांढरा होईपर्यंत तिथेच होता. मी बस बदलून दुसऱ्या रस्त्याने जायला लागले.

मांजरीला मी गेले ते फार उशिरा. धीर होत नव्हता हे एक, आणि दुसरं असं की मला वाटत होतं, आधी काहीतरी करून दाखवावं, काच बाजारातून काढायला लावावी, मग तोंड दाखवावं. काहीच करता आलं नाही तेव्हा तशीच गेले. रविवार होता, सकाळचे अकरा. घराच्या तीन बाजूंना इमारती उठलेल्या आणि चौथ्या बाजूला पट्टाभर ऊस. काका नोकरी सोडून घरीच होते. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मी परत फिरणार होते.

मुलगी बाहेर आली. तिने काळा चष्मा लावला नव्हता. कंपनीने तिला नोकरीवर ठेवलं होतं, पण स्क्रीनकडे बघून डोकं दुखायचं म्हणून तिनेच ती सोडली होती. चहाचा कप माझ्यापुढे ठेवताना तो टेबलाच्या कडेवर टेकला आणि कलंडला. अंतर चुकतं अजून, ती म्हणाली, एका डोळ्याने खोली कळत नाही. स्वतःच पुसून घेतलं.

मी पर्समधून ब्रश न लावलेला प्रिंट काढला आणि सगळं सांगितलं. काकांनी तेव्हाच विचारलं होतं, हेही सांगितलं. काका मध्येच म्हणाले, "जाऊ द्या वो ताई, मुद्दाम कुनी करतं का?" मुलगी त्यांना म्हणाली, "आप्पा, त्यांना बोलू द्या."

मी थांबल्यावर ती उठली आणि भिंतीवरची चौकट काढली. मागचे खिळे उचकून फोटो बाहेर घेतला आणि खिडकीशी नेऊन तिरका धरला. चकचकीत कागदावर ब्रशचा रंग समोरून दिसत नाही, पण तिरप्या उजेडात तेवढी जागा मंद दिसते. तिला ती लगेच सापडली. माझ्या प्रिंटमधली कपची आणि तिच्या फोटोतला मंद डाग, दोन्ही शेजारी धरून ती बराच वेळ बघत होती, मान जरा उजवीकडे वळवून, एका डोळ्याने बघायला लागते तशी.

"बाबांनी सांगितलं होतं, तुमचा फ्लॅश अगदी क्षणभर पेटतो म्हणून," ती म्हणाली. काकांना ती एरवी आप्पा म्हणायची. बाबा हा शब्द बहुतेक माझ्यासाठी, परक्या माणसासाठी होता. "किती वेळ?"

"सेकंदाचा लाखावा भाग."

"तेवढ्यात हे सगळं दिसलं?"

"हो."

तिने डागावर अंगठा ठेवला.

"आणि हे पुसायला किती वेळ लागला?"

मी काकांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर उसाकडे बघत होते.

"पाऊण तास," मी म्हणाले.